द्वोर्झाकच्या चर्चबाहेर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल गावावरचा लेख वाचला. मुलगा सीडर रॅपिड्सला असल्याने गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिथे जाऊन आलो. १८९३ साली झेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक तिथे राहिला, सेंट वेन्सेस्लॉस चर्चमधला ऑर्गन वाजवायचा, 'अमेरिकन' क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) त्याच मुक्कामातलं, हे सगळं बरोबर. पण लेखक चर्चमधून निघाले ते थेट गाडीत बसले असावेत. कारण लगतच्या दफनभूमीबद्दल लेखात एक ओळ नाही.

चर्च १८६० सालचं, बोहेमियातून (आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या प्रांतातून) आलेल्या कॅथलिक झेक कुटुंबांचं. दफनभूमीत दगडांइतकेच लक्ष वेधतात ते बिडाचे नक्षीदार क्रूस. असे क्रूस गावातल्याच चार्ल्स अँडेरा या झेक कारागिराने घडवले आणि ते आसपासच्या राज्यांतल्या झेक वस्त्यांपर्यंत पोचले. आम्ही क्रूसांवरच्या एकेक पाटीतल्या झेक मजकुराचा अर्थ लावत बसलो. 'झ्दे ओद्पोचीवा' म्हणजे 'येथे विसावा घेत आहे'. 'नार' म्हणजे जन्म, 'झेम' म्हणजे मृत्यू. नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं जरा निराळं, म्हणून सौ.ना ती दोन घरं वाटली. मुलाने सांगितलं, झेकमध्ये बाईच्या आडनावाला 'ओव्हा' लागतो. पुढच्या पिढ्यांच्या दगडांवर इंग्रजी आली आणि हा 'ओव्हा' गळाला.

सगळेच झेक चर्चला धरून होते असंही नाही. शिकागोत एका झेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली गेली, तेव्हा चिडलेल्या मंडळींनी १८७७ साली स्वतःची बोहेमियन नॅशनल सिमेटरी काढली. हे कळल्यावर स्पिलव्हिलचे क्रूस नुसती शोभा वाटत नाहीत, चर्चला धरून राहिल्याची खूण वाटतात.

बिडाला रंग लागतोच, नाहीतर गंज धरतो. पण थरावर थर चढले की उठावाची अक्षरं बुजतात. (आपल्याकडे वीरगळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना हे सांगायला नको!) तुमचे वाचक तिकडे गेले, तर अक्षरं वाचण्यासाठी खडू घासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच लावू नये. लहानसा आरसा न्यावा आणि बाजूने तिरपं ऊन पाटीवर पाडावं. आमच्याकडे सौ.च्या पर्समधला होता, तेवढ्याने काम भागलं.

— एक वाचक, नाशिक