वर्ग जूनमध्ये, मास्ट अजून टाकीवर आडवा : सांगलीच्या हॅम रेडिओ क्लबतर्फे आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एप्रिलमध्येच निघायला हवं होतं. पण आधी मार्चएंड, मग पोरांच्या परीक्षा, मग लग्नसराई, आणि त्यात परवाच्या वळवानं घात केला. गच्चीवरचा अँटेनाचा मास्ट (उंच खांब) मधोमध वाकून पाण्याच्या टाकीवर आडवा झाला. कुणाला लागलं नाही, टाकीही फुटली नाही, एवढं नशीब. ४० मीटर बँडच्या डायपोलची (दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाची) एक बाजू शेजारच्या नारळात अडकून बसली आहे. नारळ काढणारा येतो, वर बघतो आणि "वायरीला हात लावणार नाही" म्हणून निघून जातो. तेव्हा हे घाईत लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका मास्तर मंडळींनी पोटात घालाव्यात.

जूनच्या दुसऱ्या रविवारपासून हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या बिनतारी केंद्राचा, नवा वर्ग सुरू करायचा आहे. त्याला शिकणारे हवेत, शिकवणारे हवेत आणि पैसेही हवेत. तपशील खाली देतो, पण आधी ज्यांच्या जिवावर इथवर आलो त्यांची नावं न घेता का होईना, आठवण काढल्याशिवाय मला पुढे लिहवणार नाही. नावं त्यांनीच घेऊ नका म्हणून सांगितलंय, आणि सांगलीत ती सगळ्यांना माहीतच आहेत.

गावभागातली माडीवरची खोली हेडसरांची. पहिल्या दिवसापासून एक रुपया भाडं नाही. सर गेले, तरी घरच्यांनी खोलीला कुलूप लावलं नाही. उलट विजेचं बिल आजही तेच भरतात आणि विषय काढला की "चहा घ्या" म्हणतात. आम्हाला आता खरोखर लाज वाटते.

मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची भाषा, शिकवलं तारकाकांनी. सगळी नोकरी तारखात्यात गेली. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, त्या आठवड्यात ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. मग एका रविवारी आपणहून जिना चढून आले आणि "इथं अजून चालतं म्हणे," असं म्हणून बसले. गंमत अशी की त्यांचा कान तारघरातल्या साउंडरच्या टकटकीवर तयार झालेला, आणि आपल्या ऑसिलेटरची वाजते शिट्टी. पहिले आठ दिवस पोरंच त्यांच्यापेक्षा पुढे होती! नवव्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. टिंब-रेघ कागदावर लिहून पाठ करायची नाही, अक्षराचा नाद ओळखायचा, हा त्यांचा धडा. "'क' लिहिताना काना-मात्रा मोजतोस काय रे?" असं ओरडायचे. गेल्या दिवाळीनंतर काका गेले. त्यांची पितळी 'की' (मोर्स पाठवायचा खटका) घरच्यांनी क्लबला दिली. ती टेबलावर आहे, पण तिच्यावर शिकवणारा आज आपल्याकडे नाही.

मिरजेच्या सतारमेकर काकांचाही उल्लेख करायलाच हवा. त्यांना रेडिओतलं काही कळत नाही, असं ते स्वतः सांगतात. पण ७.१ मेगाहर्ट्झला डायपोल सुमारे ६६ फूट लागतो आणि तो छाटून छाटून जुळवावा लागतो, हे त्यांना एका वाक्यात पटलं. "तार आखूड केली की सूर चढणार, त्यात काय?" म्हणाले आणि मीटर बघणाऱ्या आमच्या इंजिनिअर पोरांना इंच-इंच छाटायला लावलं. अँटेना जी जुळली ती वळवापर्यंत तशीच होती.

आणि आपल्या वहिनी. मुलाला एकट्याला कसं पाठवायचं म्हणून सोबत येऊन बसायच्या, हातात स्वेटर. परवान्याच्या परीक्षेला मुलगा नापास झाला, वहिनी पास! आज सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर जमायचं, तो नेट) सगळ्यात स्वच्छ आवाज आणि सगळ्यात नीटनेटकं लॉगबुक त्यांचं असतं. (मुलगाही पुढच्या वेळी पास झाला, त्याचं नाव राहायला नको.)

परीक्षेसाठी पोरांना महालक्ष्मीनं रात्रभर बसवून मुंबईला, तिथून बोरिवलीला गोराई रोडच्या केंद्रावर नेणारे, डबे बांधून देणारे, एका पोराची फी गुपचूप भरणारे मार्केट यार्डातले हळदवाले शेठ, वर्गाला दर रविवारी भडंग पाठवणारे दुकानदार, या सगळ्यांचे आभार मानायचे तर दुसरं पत्र लिहावं लागेल.

आता २०१९ च्या महापुराबद्दल. ते लिहिणं अवघड आहे, पण लिहितो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. वीज गेली, आमच्या भागातले टॉवर एकेक करून बंद पडले, फोन म्हणजे हातातली विटकर झाली. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण इतकी वर्षं तयारी करतो म्हणून सांगत होतो, तो दिवस आला. आणि त्या रात्री आपलं केंद्र गप्प होतं. सेट माडीवर कोरडा, अँटेना शाबूत, पण बॅटरी जिन्याखाली ठेवलेली, ती पहिल्याच दिवशी पाण्यात गेली. परवानाधारक चार, त्यातले दोघे बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका सभासदानं घराच्या गच्चीवर तार बांधली, स्वतःच्या गाडीची बॅटरी जोडली आणि मग कुठे ४० मीटरवर पुण्याच्या हॅम मित्रांशी गाठ पडली. तीन माणसांनी आळीपाळीनं जागून निरोप दिले. "आई सुखरूप, कॉलेजच्या हॉलवर आहे", "बाबांच्या गोळ्या संपल्या, नाव अमुक, ताकद अमुक". पुण्याची मंडळी ते लिहून घेत आणि नातेवाइकांना फोन करत. जे झालं त्याचा अभिमान आहेच. पण पहिली रात्र माझ्या मनातून जात नाही. बॅटरी आता वर आहे. माणसं मात्र अजून तेवढीच.

यात आपण काही जगावेगळं करत नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची तुकडी मोठ्या खटपटीनं परवानगी मिळवून अंदमानात छंद म्हणून हॅम केंद्र चालवायला गेली होती, कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) व्हीयू ४ आरबीआय. जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांगेत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. ते तिथे आधीपासून होते, परवाना होता, तार बांधलेली होती, म्हणून जमलं. पूर आल्यावर सेट विकत आणता येईल, परवाना नाही. परीक्षा, निकाल, पडताळणी, मग कॉलसाइन, यात महिने जातात. यंदा जूनमध्ये वर्गाला जो बसेल तो पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडेल. यंदाचा पावसाळा आपल्याला आहेत त्याच माणसांवर काढायचा आहे.

"पण आता मोबाईल असताना हे कशाला?" हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत दोन चेहरे असे आहेत, ज्यांचे निरोप २०१९ ला आम्ही पुण्याला दिले. मी काही बोलत नाही. पूर ओसरल्यावर सत्कार बरेच झाले. एका ठिकाणी तर व्यासपीठावरून नवी बॅटरी जाहीर झाली, टाळ्या झाल्या, फोटो छापून आला. शाली चार जमल्या आहेत. बॅटरीची वाट बघून शेवटी आम्हीच वर्गणी काढून घेतली. दोन वर्षांपूर्वी मास्टला तणावे घालायला हवेत म्हणून वीस पत्रं पाठवली होती. उत्तरं तीन आली, त्यातलं एक चुकून आपल्याला आलेलं होतं. तणावे घातले असते तर परवा मास्ट वाकला नसता, एवढंच म्हणतो.

काहींना वाटतं, क्लबनं कमवावं. हॅमला ते नियमानंच बंद आहे. हौशी रेडिओवर पैसे घेऊन निरोप देता येत नाही, धंद्याचं बोलता येत नाही, गाणी-जाहिराती लावता येत नाहीत. त्यामुळे हात पसरण्याशिवाय मार्ग नाही.

आता शिकणाऱ्यांसाठी. वय १२ पूर्ण हवं, पदवी-बिदवी लागत नाही. परवान्याचे दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचं तंत्र आणि नियम एवढंच, मोर्स नाही. कॉलसाइन व्हीयू ३ नं सुरू होतो. जनरलला मोर्स मिनिटाला ८ शब्द, घ्यायचंही आणि पाठवायचंही. त्यांचा कॉलसाइन व्हीयू २. (आपला एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून कळवतो की तिकडे २००७ पासून परीक्षेत मोर्स नाही. त्यानं हे तारकाकांना कळवायला नको होतं.) परीक्षा संचार मंत्रालयाचा डब्ल्यूपीसी विभाग घेतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर, तो आम्ही बसून भरून देऊ. विज्ञानाची भीती बाळगू नका. ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या थरावरून) लहरी कशा परततात, क्यू कोड (नेहमीच्या वाक्यांसाठी ठरलेली तीन-तीन अक्षरं), अक्षरं स्पष्ट सांगायचं अल्फा-ब्राव्हो-चार्ली, इतकंच आहे, आणि ते वहिनींनी स्वेटर विणता विणता केलंय. शिवाय सोल्डरिंग. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आराखडा दिलेला बीआयटीएक्स सेट पोरांकडून बांधून घ्यायचा बेत आहे. त्यांनी मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते! हार्डवेअरच्या दुकानात जाऊन रेडिओचा भाग मागायचा, ही मजा पोरांनी घ्यायलाच हवी.

एक सूचना कळकळीची. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेऊन "आम्ही पण हॅम" म्हणत येऊ नका. त्यातले बहुतेक परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे आणि त्रास क्लबला होतो. आधी परीक्षा, मग सेट.

२०२५ च्या जुलैमध्ये शुभांशू शुक्ला यांनी अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या, तेव्हा आठवड्याभरात अकरा पोरं जिना चढून आली. "आम्हाला पण बोलायचंय." आमच्याकडे सरावाची की एक, सोल्डरिंग गन दोन, त्यातली एक गरम होत नाही. चौघं टिकली. बाकीची का गेली हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तपशील : वर्ग दर शनि-रवि संध्या. ५ ते ७, माडीवर, साधारण चार महिने, फी नाही, वही आणावी, १८ खालच्यांनी पालकांची सही आणावी, जागा २०, नावनोंदणी रविवारी सकाळी ८ च्या नेटनंतर खोलीवरच. खर्च अंदाजे : मास्ट, तणावे व कोॲक्स केबल ५२,०००, जादा बॅटरी व चार्जर २४,०००, सराव-की, ऑसिलेटर, सोल्डरिंग साहित्य १८,०००, बीआयटीएक्सचे सुटे भाग ३०,०००, गरजू मुलांचा परीक्षा-प्रवास १६,०००, एकूण १,४०,०००. जमा आजवर ३८,५००, पैकी ५,००० वहिनींच्या भिशीचे. रोख असेल तर खजिनदारांकडूनच पावती घ्यावी, क्यूआर कोड खोलीच्या दारावर आहे. देणगीवरची ८०जीची आयकर सवलत आपल्याला नाही, आधीच सांगितलेलं बरं. वस्तूही चालतील : जीआय पाइप, जुना पण चालू पॉवर सप्लाय, मल्टीमीटर, नायलॉनचा दोर, दहा खुर्च्या.

पैशाइतकीच गरज मोर्स शिकवणाऱ्याची आहे. आपल्या जिल्ह्यात फौजेतून, सिग्नल्समधून निवृत्त झालेली मंडळी गावोगाव आहेत. कुणाचे मामा, कुणाचे सासरे असतील. त्यांना एकदा घेऊन या. जिना चढवत नसेल तर आम्ही की घेऊन त्यांच्या घरी येऊ. रविवारचे दोन तास पुरे. काकांची की त्यांच्या हाताखाली देऊ.

हरिपूर, सांगलीवाडी, ब्रह्मनाळ, भिलवडी या नदीकाठच्या गावांतून प्रत्येकी निदान एक जण यंदा वर्गाला यावा, अशी फार इच्छा आहे. पाणी तिथे आधी येतं. एसटीचं भाडं क्लब देईल, वरच्या हिशेबात ते धरलेलं नाही, बघू कसं करायचं ते.

पुण्या-बंगळूरला आणि परदेशी असलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमची क्यूएसएल कार्डं (रेडिओवर बोलणं झाल्याच्या पोचपावत्या) अजून भिंतीवर आहेत. ओल येऊन कडा पिवळ्या पडल्यात, पण आहेत. मनात येईल ते पाठवा. आकडा छोटा वाटला म्हणून थांबू नका, पण "नंतर बघू" म्हणून तर मुळीच थांबू नका, कारण पाऊस थांबत नाही.

सर्वांना ७३ (हॅम लोकांच्या भाषेत, शुभेच्छा).

आपला,
सचिव

ता.क. मागच्या वर्गातून घरी नेलेले दोन मल्टीमीटर आणि निळी एक्स्टेंशन बोर्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया जून आधी परत आणावी. कुणी काही विचारणार नाही.

ता.क. २. नारळावर चढणारा आणि वायरीला न घाबरणारा माणूस माहीत असल्यास आजच कळवावे.