नागपूरला गेलेल्या बाबूस

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बस दिसेनाशी झाली तरी बाबा फाट्यावरच उभे होते. घरी आले नि म्हणाले, "आता घर सुनं लागन." मग न जेवता वावरात गेले.

तू नोकरीला लागलास याचा मला खूप आनंद आहे, हे आधी लिहिते. आता दुसरं. कोणी रागानं "जा इथून" म्हणालं तर गावाकडे निघायचं नाही. विचारायचं, "बाहेर थांबू की घरी जाऊ?"

जिनिंगची, त्या कापसाच्या कारखान्याची गोष्ट काढायची नाही असं ठरवलं होतं. पण ते एप्रिलचं ऊन डोळ्यांपुढून जात नाही. सरकी काढायची यंत्रं, ते रेचे सुरू झाले, तू कान दाबून खाली बसलास, मुकादम "जाय घरी" म्हणाला आणि तू 11 किलोमीटर चालत आलास. तळपायाला फोड. "त्यांनी सांगितलं," एवढंच बोललास. तू चुकला नव्हतास. त्या हंगामात गाठींचा तुझा हिशेबही एकदाही चुकला नव्हता, ते मात्र कोणी बोललं नाही.

आता नागपूरला ताईनं तुझ्या साहेबांना आधीच चिठ्ठी दिली आहे. काम तोंडी सांगू नका, लिहून द्या. एका वेळी एकच. टेबल यंत्रापासून दूर, भिंतीकडे. काही बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. साहेब म्हणाले, लिहून दिलेलं सगळ्यांनाच बरं पडेल.

याला उपकार समजू नकोस. डॉक्टरांनी 'स्वमग्नता' (ऑटिझम) हा शब्द मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा अपंगांसाठी 1995 चा कायदा होता, त्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार झाले, त्यात ती आली. प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण करायचं, असं त्यात लिहिलंय. तुझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निळ्या फायलीत आहे. मूळ कार्ड कोणाकडे ठेवू नकोस, झेरॉक्स दे. हेडफोन रात्री चार्जिंगला लाव. मधल्या काकांचं ऐकून पगार सांगत फिरू नकोस. आणि कोणी "जा" म्हणालं तर...

पुन्हा तेच. माफ कर बाबू, शाळाच घेतली मी.

तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी नंदी घेऊन जमली होती, डफडं वाजलं नि तू गर्दीतून नाहीसा झालास, ते आठवतं. पाराच्या मागं सापडलास. म्हणालास, "43 नंदी आहेत, 7 चाकं मोडकी आहेत." मी तुला सगळ्यांदेखत मारलं. ते माझं चुकलं. इतकी वर्षं हे तुला सांगायचं राहिलं होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी मोजून पाहिलं, 7 च होती. अजून सांगतात लोकांना.

डब्यात जवसाची चटणी आहे. झाकणाला आतून कागद चिकटवलाय, त्यावर तेच वाक्य लिहिलंय: "बाहेर थांबू की घरी जाऊ?"

रविवारी सायंकाळी 7 ला फोन करीन. रेंज नसली तर 8 ला करीन. रविवारी 7 ते 8 खोलीवरच थांब.

तुझी,
आई