सुट्टीवर निघालेल्या भुतांना वेस कोणी ओलांडू दिली?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत उन्हाळी सुट्टीच्या निमित्ताने ‘सुट्टीवर गेलेली भुते’ या विषयावरील लघुकथा गेले काही आठवडे प्रसिद्ध होत आहेत. हा विषय ज्यांना सुचला त्यांचे अभिनंदन केले पाहिजे, कारण भयकथेच्या नावाखाली तोच पडका वाडा, तीच अमावस्या आणि तेच कुत्र्यांचे रडणे वाचून वाचक आता भुतांइतकाच थकला आहे. तरीही या मालिकेविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. बहुतेक कथांत हडळ महाबळेश्वरला जाते, मुंजा गोव्याच्या किनाऱ्यावर शहाळे पितो, खवीस हॉटेलातला एसी चालत नाही म्हणून मॅनेजरशी हुज्जत घालतो, आणि उलट्या पावलांवर एखादा विनोद झाला की कथा संपते. या पात्रांच्या जागी पुण्यातला एखादा बँक कर्मचारी सहकुटुंब बसवला, तर एखाददुसरे वाक्य सोडता काहीही बदलावे लागणार नाही. या भुताला मुळात जाऊ कोणी दिले, हा प्रश्न त्या कथांना पडतच नाही आणि माझ्या मते गोष्ट नेमकी तिथेच आहे.

आपली भुते जागेला बांधलेली असतात. मुंज झाली पण सोडमुंज (विद्यार्थीदशा संपवणारा विधी) व्हायच्या आत गेला तो मुंजा पिंपळ सोडत नाही, गिऱ्हा पाणी सोडत नाही, समंध आपल्या पुरलेल्या धनावरून हलत नाही. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांचा वध १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी केला, ते लोकसमजुतींचे हौशी अभ्यासक होते. शाळामास्तरांकडून त्यांनी जमवलेल्या माहितीचे संपादन पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी केले आणि कोकणासंबंधीचा भाग १९१५ मध्ये छापला गेला. त्यात भुतांची पहिली वाटणी ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी आहे, आणि देवचार, म्हणजे गावाच्या राखणीची भुते, गावाच्या चारी बाजूंना राहतात असेही नोंदलेले आहे. म्हणजे कोण किती भयंकर हे विचारण्याआधी कोण कुठला हे विचारले जात होते. कोकणात आजही देवचाराचा अंमल शिवेपर्यंतच मानतात आणि शीव ओलांडली की दुसऱ्याची हद्द लागते. अशा जिवाला चार दिवस बाहेर जायचे असेल तर त्याच्या बाजूची राखण कोण करणार, शेजारच्या हद्दीतला देवचार त्याला थारा देईल काय, आणि या काळात त्याच्यासाठी ठेवलेला नारळ कोणाच्या नावे जाईल, हे प्रश्न विनोदाला पुरून उरणारे आहेत.

परदेशी लेखकांनाही ही अडचण कळलेली होती. ब्रॅम स्टोकर यांचा ड्रॅक्युला १८९७ च्या कादंबरीत इंग्लंडला जातो तो मायदेशाच्या मातीने भरलेल्या ५० पेट्या बरोबर घेऊन, कारण त्या मातीवाचून त्याला विसावा नाही. पुढे त्याचा पाठलाग म्हणजे बराचसा त्या पेट्यांचाच शोध होऊन बसतो.

आपल्याकडे तर अलौकिकांच्या रजेचे नियम लोकांनी केव्हाच घालून ठेवले आहेत. तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा निद्रिस्त होते, आणि मंचकी निद्रा नवरात्राआधीची आहे, दसऱ्यानंतरची आहे की पौषातली आहे, त्याप्रमाणे तिला घोरनिद्रा, श्रमनिद्रा आणि मोहनिद्रा अशी वेगवेगळी नावे आहेत. पितरांना भाद्रपदातला वद्य पंधरवडा नेमून दिलेला आहे. गौर तर सरळ माहेरपणाला येते आणि तिचा मुक्काम नक्षत्रांवर ठरलेला असतो : अनुराधेवर यायचे, ज्येष्ठेवर जेवायचे, मुळावर निघायचे. तिला घरात आणताना उंबऱ्यापासून कुंकवाची पावले काढतात आणि ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली?’ असे विचारत तिला स्वयंपाकघर, धान्याची कोठी, गोठा असे सगळे घर फिरवून दाखवतात. दूरच्या मुक्कामाहून आलेल्या पाहुणीला घर दाखवण्याची ही रीत ज्याने घातली, त्याला ही कथा आपल्या पुरवणीतील अनेकांपेक्षा अधिक चांगली लिहिता आली असती. (कोकणात अनेक घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो. माहेरी आल्यावर आवडीचे जेवण मिळावे, हा नियमही यात आला.)

जे राखणदार आहेत, त्यांच्या रजेचा प्रश्न आणखी अवघड आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला नवसाची भलीमोठी चामड्याची पायताणे वाहतात, कारण देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि फिरून फिरून पायताणे झिजतात अशी श्रद्धा आहे. येथे मी श्रद्धेची थट्टा करीत नाही आणि लेखकांनीही करू नये. परंतु ज्याच्या तळव्यांची झीज लोक मोजतात, त्याला विश्रांती हवी असेल काय, हा विचार आदराने मांडता येतो आणि त्यातून कथा निघते. कामच न दाखवता सुट्टी दाखवली तर तिला वजन येत नाही.

आता या विषयाचे माझ्या माहितीतील सर्वांत समृद्ध उदाहरण सांगतो. मालवण तालुक्यातील आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. श्री देव रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची अनुज्ञा, झाला की सगळा गाव, गुरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह, घरे रिकामी करून वेशीबाहेर पडतो, शिवेपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि माणसे तीन दिवस तीन रात्री तेथेच काढतात. चिंदर, वायंगणी आणि वैभववाडी तालुक्यातील शिराळे येथेही ही प्रथा आहे. मुंबईचे चाकरमानी मुद्दाम रजा टाकून येतात, तीन दगडांच्या चुलीवर सामुदायिक जेवणे शिजतात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी भावकी एका झोपडीत शेजारी शेजारी निजते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि तो मिळाला की गाव परत भरायचा.

या तीन दिवसांत गावात कोण असते, याची उत्तरे माणसागणिक वेगळी मिळतात. कोणी म्हणतात देवाचा आदेश, त्यापुढे विचारायचे नाही, कोणी म्हणतात गावाची हवा शुद्ध होते, आणि काही वडीलधारी मंडळी आवाज खाली आणून सांगतात की तेव्हा गाव ‘त्यांचा’ असतो. लेखकाने हे तिसरे उत्तर घ्यावे. कारण येथे भुतांना सुट्टीसाठी कुठे जावेच लागत नाही, माणसे निघून जातात आणि भुतांना सुट्टी मिळते. बांधलेपणाचा नियम कुठेही मोडत नाही आणि तरीही सगळे उलटेपालटे होते. घाबरवायला कोणी नाही, अंगारा लावायला कोणी नाही, पारावर दिवसाढवळ्या बसता येते, शाळेच्या फळ्यावर अर्धवट राहिलेले गणित समोर आहे. अशा गावात तीन दिवस मुंजा काय करील? तो तर विद्यार्थीदशेत गेलेला मुलगा आहे. आणि एखादी कोंबडी चुकून मागे राहिली असेल, तर तिचे काय होईल? मला या प्रश्नांची उत्तरे हजार शब्दांत वाचायला फार आवडेल.

आपल्या मालिकेत सगळेच फसले असे मात्र नाही. एका कथेत मे महिन्यात नदीचा कोंड (डोह) आटल्यामुळे गिऱ्ह्याला सक्तीची रजा मिळते. पाण्याबाहेर राहता येत नाही म्हणून तो टँकरमध्ये शिरतो, तालुक्याच्या गावी पोहोचतो आणि एका घराच्या गच्चीवरील प्लास्टिकच्या काळ्या टाकीत मुक्काम करतो. टाकी दुपारी तापते, संध्याकाळी घरातले नळ उघडले की पातळी खाली जाते आणि त्याला पाय पोटाशी घ्यावे लागतात. लेखिकेने भुताचा एकच नियम घेतला, तो शेवटपर्यंत पाळला आणि त्यातूनच गंमतही आणली, दुष्काळही दाखवला. लघुकथेत जागा तेवढीच असते. चार भुते, तीन पर्यटनस्थळे आणि सेल्फीचा विनोद एकाच पानात कोंबले की कशालाच आकार येत नाही.

सुट्टीतल्या हलक्याफुलक्या वाचनाला एवढे नियम कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु विनोद नियमाच्या आधारानेच उभा राहतो, आणि अडचणच नसेल तर तिच्यातून सुटण्याची गंमत कोठून येणार? यातून अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल ही भीतीही मला अनाठायी वाटते. मी स्वतः भुते मानत नाही. ज्या गिऱ्ह्याला पाणीटंचाईचा फटका बसतो, त्याच्या नावाने कोणी बुवा गंडेदोरे विकू शकेल असे वाटत नाही.

तेव्हा विनंती अशी की, मालिकेचा पुढील टप्पा काढताना लेखकांना विषयासोबत एक अटही कळवावी : भूत कुठले आहे, ते कशाला बांधलेले आहे आणि तेथून ते कसे सुटले, हे कथेतून कळले पाहिजे. शिवाय ६०० शब्दांची मर्यादा निदान हजारापर्यंत वाढवावी. जाहिरातींच्या जागेचा प्रश्न असेल, तर दोन कमी कथा छापल्या तरी वाचकांची हरकत असणार नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कणकवली