काळ्या मातीतल्या अंगणासाठी फुलझाडे

आर्वी तालुका, जि. वर्धा
दि. २० एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची झाडांची यादी मिळाली. इतकी वर्षे नोकरीनिमित्त बाहेर राहून तू गावी घर बांधलेस आणि पुढचे आवार फरशीखाली न घालता फुलझाडांसाठी मोकळे ठेवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु यादी वाचून काळजीही वाटली, म्हणून रोपे विकत आणण्यापूर्वीच सविस्तर लिहितो आहे.

लेकीकडे कॅनडात पाहिलेली पिओनी आणि लायलॅक तू यादीत सर्वांत वर लिहिली आहेस, कारण ती फार काटक झाडे आहेत असे तुला तिकडे सांगण्यात आले. ते खरेच आहे. मात्र तिकडे झाडाचा काटकपणा मुख्यतः हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून ठरतो, आणि या दोन्ही झाडांना तर फुलायचे असेल तर कडक थंडीचे काही आठवडे मिळावेच लागतात. आपल्याकडे काटक म्हणायचे ते झाड नवतपातले, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतले, पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांचे ऊन सोसते आणि त्यानंतर लगेच श्रावणात मुळाशी साचणारे पाणीही सोसते. या दोन्ही परीक्षा एकाच वर्षात देणारी झाडे थोडी आहेत, पण ती आपल्या आसपासच उभी आहेत. हायड्रेंजिया, अनंत आणि एक्झोरा यांच्याबद्दलही माझा आग्रह आहे की ती जमिनीत लावू नयेस. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचा अंश असल्यामुळे मुळांना लोह नीट घेता येत नाही, मग पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या राहतात आणि झाड वर्षानुवर्षे खुरटते. वहिनींना अनंत फारच आवडत असेल तर एक मोठ्या कुंडीत वेगळी माती घालून सावलीत ठेवावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती सांगतो. आपल्याकडे झाडे उन्हाने मरतात असा सर्वांचा समज आहे आणि माझाही होता, पण माझ्या अंगणात जितकी झाडे गेली त्यांतली बहुतेक पावसाळ्यात गेली. घर बांधले तेव्हा मी दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे नऊ खड्डे केले, त्यांत शेणखत आणि नदीची रेती घालून मोठ्या हौसेने रोपे लावली. ऑगस्टच्या झडीत चिकण काळ्या मातीतला तो प्रत्येक खड्डा टाक्यासारखा भरून राहिला, आणि दोन चाफे, एक तगर व दोन सदाफुल्या मुळे कुजून गेल्या. बाहेरून आत आलेल्या पाण्याला काळी माती वाट देत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही मला तेव्हा सुचले नाही. तेव्हापासून मी खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर भर देतो. मुरूम, शेणखत आणि वरची माती एकत्र करून वीतभर उंच गादी करायची, झाड तिच्यावर लावायचे आणि पाण्याला कुंपणाकडे उतार द्यायचा. त्याच जागी पुन्हा लावलेला चाफा आज माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.

झाडांची निवड करण्यापूर्वी मे महिन्यात दुपारी चार वाजता गावातून एक फेरी मार. ज्या झाडाला कोणी पाणी घालत नाही आणि तरीही जे फुललेले आहे, ते वहीत लिहून घे. शाळेच्या, मंदिराच्या आणि बसथांब्याच्या आवारात तुला कण्हेर, बोगनवेल, शंकासूर आणि पिवळी टेकोमा हमखास दिसतील. कण्हेर मला सर्वांत विश्वासाची वाटते, कारण तिला शेळ्या तोंड लावत नाहीत आणि लाल, गुलाबी, पांढरा असे तिन्ही रंग मिळतात. परंतु तिचे पान, फूल, खोड सारेच विषारी आहे, म्हणून नातवंडे सुट्टीत येणार असतील तर ती कुंपणालगत लाव आणि छाटलेल्या फांद्या चुलीत जाळू देऊ नकोस. लहानपणी आपण ज्या बिट्ट्यांनी खेळायचो, त्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर त्याहून घातक आहेत. ते झाड आवारात नकोच.

बोगनवेलीबद्दल एक अनुभव सांगतो. आमच्या फाटकावरच्या वेलीला घरच्या मंडळींनी प्रेमाने रोज पाणी घातले, आणि दोन वर्षे तिने नुसती पाने दिली. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही पाणी तोडले, तेव्हा फेब्रुवारीत संपूर्ण वेल गुलाबी झाली. रंग असतो तो फुलाखालच्या पानांचा आणि खरे फूल आत पांढरे, इवलेसे असते, हे तुला ठाऊक असेलच. मोगऱ्याचेही असेच आहे. जानेवारीच्या अखेरीस पाणी थांबवून पाने गळू दे, अर्ध्यावर छाटणी कर, मग शेणखत आणि भरपूर पाणी दे. चैत्रात संध्याकाळी दारात बसावेसे वाटेल.

पारिजातकाचे एक झाड तर हवेच. मध्य भारतातल्या कोरड्या टेकड्यांवर तो आपोआप वाढतो, आणि पाऊस ओसरू लागला की सकाळी अंगणात त्याचा सडा पडतो. हिवाळ्यासाठी कोरांटी लाव; पिवळी, काटेरी कोरांटी कुंपणाबाहेर आणि जांभळी आत. मेळघाटात फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलणारी धायटी कोणी बागेत लावत नाही, याचे मला वाईट वाटते. रोप मिळाले तर एक तुला आणि एक मला आण. जास्वंद लावलीस तर वानरे फुले खातील आणि पांढरा पिठ्या ढेकूण येईल, हे गृहीत धरून एकच लाव. गुलाबांविषयी मी काही लिहीत नाही, ते तू लावशीलच.

गाद्या आत्ताच करून घे, म्हणजे मातीला ऊन लागून हुमणीच्या अळ्या मरतील. उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, भरणात निंबोळी पेंड मिसळावी. रोपे मात्र मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावरच लाव. पहिली दोन वर्षे हिवाळा आणि उन्हाळा सांभाळावा लागेल. प्रत्येक झाडाजवळ तळाला भोक पाडून त्यात चिंधीची वात ओवलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि बुंध्याभोवती सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली उतरवते, आणि मुळे खाली गेली की मातीला भेगा पडल्या तरी झाड तगते.

माझ्या चाफ्याच्या हातभर लांबीच्या चार फांद्या मी मागच्या आठवड्यात काढून, चीक वाळावा म्हणून सावलीत टेकवून ठेवल्या आहेत. त्यांत दोन पांढऱ्या आणि दोन लाल आहेत. त्या येत्या रविवारपर्यंत पिशव्यांत लावायला हव्यात, तेव्हा शनिवारी सायंकाळी वहिनींना घेऊन मुक्कामालाच ये. येताना आवारातली परातभर माती सोबत आण, म्हणजे मुरूम किती मिसळावा ते हातात घेऊन ठरवता येईल.

तुझा बालमित्र