बंद कारखान्याची माती आधी सरकारने तपासावी

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदया,

इमारतीच्या पायासाठी बोअर मारून माती तपासायची, हे माझं गेल्या बावीस वर्षांचं काम. मुलुंड, भांडुप, ठाणे, कल्याण या पट्ट्यातल्या कितीतरी बंद कारखान्यांच्या आवारात आमची रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, उभी राहिली आहे. त्यातल्या एका दिवसाबद्दल हे पत्र आहे.

रंग-रसायनांचा कारखाना होता, बंद पडून बरीच वर्षं झालेली. दोन मीटरखाली मुरूम लागेल असा अंदाज होता. नळीतून आली ती पिवळट हिरवी, चिकट माती. वास इतका उग्र की हेल्परने नाकाला रुमाल बांधला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. नमुने प्रयोगशाळेत गेले ते नेहमीच्या चाचण्यांसाठी: सल्फेट, क्लोराईड, पीएच. सल्फेट काँक्रीट खातं, क्लोराईडने सळई गंजते, म्हणून ते बघतात. शिसं, पारा, क्रोमियम कोणी विचारलंच नाही. अहवालात त्या थरापुढे एकच शब्द पडला, 'भराव', आणि खाली माझी सही. आज तिथे लोक राहतात.

कोणी का विचारत नाही, तेही सांगतो. जमीन विकणाऱ्याला भाव पडायची भीती, घेणाऱ्याला काम अडायची. चाचणीचे पैसे ज्याच्या खिशातून जाणार, त्यालाच निकाल नको असतो. औद्योगिक जमीन निवासी करून घेताना कामगारांची देणी फेडल्याचा दाखला मागतात, आणि तो मागायलाच हवा. पण मातीत काय मुरलं आहे याचा कागद मी पाहिलेल्या एकाही फायलीत नव्हता.

केंद्राने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. नियम चांगले आहेत, मी त्यांचं मनापासून स्वागत करतो. पण ही यादी होणार कशी? तलाठ्याच्या हातात ना रिग, ना प्रयोगशाळा. तो फार तर बंद फाटक बघून येईल. आणि कारखानदार कधीच गाशा गुंडाळून गेला असेल, तर वसुली होईपर्यंत पहिला बोअर कोणाच्या पैशाने मारायचा?

राणीपेटचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तमिळनाडूतला तो क्रोमियमचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, पण त्याचा लाखाहून जास्त टन कचरा मागे राहिला आणि पावसागणिक भूजलात उतरत गेला. अमेरिकेत १९९५ पासून शहरांना अशा जमिनी तपासायला सरकारी अनुदान मिळू लागलं, २००२ मध्ये त्याचा कायदाच झाला. आपल्याकडे तर पैसा त्या जमिनीतूनच उभा राहतो. वाढीव एफएसआयसाठी, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करू देण्यासाठी, सरकार आणि महापालिका जो प्रीमियम घेतात, त्यातला थोडा भाग तपासणीसाठी वेगळा ठेवा. अर्थसंकल्पात त्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष करा. प्रयोगशाळा सरकारने नेमावी, विकासकाने नाही. निकाल सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर चढवावा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याला तो दिसेल. दोषी सापडला की सगळा खर्च व्याजासकट त्याच्याकडून वसूल करा.

आणि हे पहिली कुदळ पडायच्या आत व्हायला हवं. दोन मजली पार्किंगसाठी खोदलेली माती त्या प्लॉटवर राहत नाही. रात्री डंपर भरतात आणि ती कुठेतरी भरणीला जाते: खाडीकाठच्या वस्तीत, एखाद्या सखल चाळीच्या अंगणात. तिथे पोरं अनवाणी खेळतात. त्या मातीचा माग मग कोणालाही काढता येत नाही, तुमच्या खात्यालाही नाही.

त्या दिवशी काढलेल्या नमुन्यांच्या लाकडी पेटीचा फोटो मी जपून ठेवला आहे. थर, खोली, तारीख, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं आहे. आपल्या कार्यालयाने बोलावलं तर तो घेऊन मी स्वतः मंत्रालयात येईन.

आपला,
माती तपासणारा एक ठाणेकर