एक नोटीस बोर्ड आणि बारा महिने

ति. सौ. ताईस,
सा.न.वि.वि.

(असं लिहायला किती वर्षांनी मिळालं! रोज व्हॉट्सॲपवर बोलतो आपण, पण हे सगळं तिथे टाईप करत बसले तर तू अर्ध्यातच अंगठा दाखवून मोकळी होशील, म्हणून पत्र.)

परवा तू विचारलंस ना की फोटोत माझ्या स्वेटरला ती गुलाबी फीत कसली, आणि सप्टेंबरच्या फोटोत सोनेरी होती ती कसली. तर इथे अमेरिकेत लोकांत जागृती करायची म्हणून प्रत्येक महिना कुठल्या ना कुठल्या आजाराच्या, प्रश्नाच्या नाहीतर समाजाच्या नावावर लिहून दिलेला असतो, आणि एकाच्या नाही गं, सामायिक सातबारा असतो तसा, डझनभर नावं एकाखाली एक. सोनेरी म्हणजे लहान मुलांचे कॅन्सर, गुलाबी म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर. आणि आमच्या ऑफिसात जेवायच्या खोलीबाहेर जो नोटीस बोर्ड आहे तो माझ्या गळ्यात पडलाय, कारण एकदा मीच त्याच्यावरचे जुने पिवळे कागद काढून टाकले होते. केलं तर निस्तर.

आता ऑक्टोबरचं घे. ब्रेस्ट कॅन्सर, घरगुती हिंसाचार, सायबर सुरक्षा, दातांची स्वच्छता, डाऊन सिंड्रोम, शाळेतली दादागिरी, अपंगांना नोकऱ्या, आणि हिस्पॅनिक वारशाचा महिना तर 15 सप्टेंबरला सुरू होऊन 15 ऑक्टोबरला संपतो म्हणजे तो दोन महिन्यांत पाय टाकून बसलेला. बोर्ड मात्र एकच, तीन फूट बाय दोन फूट. यांना आता अधिक महिना काढावा लागणार बघ. रंगही पुरत नाहीत, जांभळी फीत घरगुती हिंसाचाराची आणि अल्झायमरचीही (तो विस्मरणाचा आजार गं) जांभळीच, मोरपिशी ओव्हरीच्या कॅन्सरची आणि लैंगिक अत्याचाराविरुद्धचीही.

सगळंच फालतू आहे असं मी म्हणत नाहीये हं. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, लोक गमतीत म्हणतात की द्यायचाच होता तर सगळ्यात छोटा महिना दिला, पण तो कुणी दिलेला नाहीच मुळी, कार्टर वुडसन नावाच्या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 1926 मध्ये स्वतः एक आठवडा सुरू केला, राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस दोघांचे वाढदिवस फेब्रुवारीत धरले जातात म्हणून, आणि पन्नास वर्षांनी 1976 मध्ये त्याचा महिना झाला. त्याच्यामागे काम होतं, शाळांत न शिकवलेला इतिहास होता. नंतर मग जो तो महिना मागायला लागला. इथल्या संसदेत अशा दिवस-महिन्यांचे इतके ठराव यायला लागले की 1995 मध्ये प्रतिनिधीगृहाने नियमच केला, असले ठराव आमच्याकडे आणायचे नाहीत. तरी काय फरक पडतो, सिनेट म्हणजे दुसरं सभागृह करतंच, राष्ट्राध्यक्ष जाहीर करतात, आणि ज्या संस्थेला वाटलं ती स्वतःचं स्वतः करून टाकते. राष्ट्राध्यक्ष रेगनची गोष्ट मला फार लागली, त्यांनी 1983 मध्ये नोव्हेंबर हा अल्झायमरचा महिना म्हणून जाहीर केला आणि 1994 च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःलाच अल्झायमर झाल्याचं देशाला पत्र लिहून कळवलं.

गुलाबी फितीचं सांगते, कारण तू ती विचारलीस. मुळात ती गुलाबी नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली नावाच्या बाईंच्या घरात आजीला, बहिणीला, मुलीला हा कॅन्सर झालेला, त्या जेवणाच्या टेबलावर बसून फिकट केशरी फितींचे वेटोळे करायच्या, पाच-पाच एका कार्डाला लावायच्या, आणि कार्डावर लिहिलेलं की राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचं बजेट 180 कोटी डॉलर, त्यातले फक्त 5 टक्के प्रतिबंधावर, जागे व्हा. 1992 मध्ये एक मासिक आणि एक मोठी कॉस्मेटिक्सची कंपनी त्यांच्याकडे आली, आपण एकत्र करू म्हणून. बाई नाही म्हणाल्या, फार धंदेवाईक होईल म्हणून. मग वकिलांनी सांगितलं, रंग बदला. झाला गुलाबी! फीत राहिली, कार्डावरचा मजकूर गेला. आणि तो ऑक्टोबर महिना स्वतः 1985 चा, अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीची औषधांची शाखा यांनी मिळून काढलेला, हीच शाखा पुढे ॲस्ट्राझेनेकात गेली, टॅमॉक्सिफेन हे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध त्यांचंच. म्हणजे वाईट हेतू होता असं नाही म्हणत मी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी करा हे सांगणं चांगलंच आहे, पण ज्याच्यामागे पैसा त्याचा महिना दणक्यात हे मात्र खरं. इथे बायका सगळ्यात जास्त मरतात त्या हृदयविकाराने आणि त्याचा फेब्रुवारी महिना तर 1964 सालापासून आहे, कुणाला आठवतो?

तर या ऑक्टोबरलाही मी बोर्ड गुलाबी करून टाकला. छापील पोस्टर फुकट येतात, लावायला सोपे. घरगुती हिंसाचाराचा एक कागद होता, त्याच्या खाली हेल्पलाईनचा नंबर लिहिलेल्या पट्ट्या कातरून सोडलेल्या असतात ना, खोली भाड्याने देणे आहेच्या जाहिरातीला असतात तशा, तो मी कोपऱ्यात खाली टोचला. आठवडाभर एक पट्टी हलली नाही. मग एक दिवस संध्याकाळी साफसफाईला येणारी बाई हळूच म्हणाली, तो कागद इथे कॅमेऱ्यासमोर कोण फाडणार, बायकांच्या बाथरूममध्ये आतल्या बाजूला लाव की. मी तिथेच उभी राहिले वेड्यासारखी. दोन वर्षं बोर्ड सांभाळतीये आणि हे सुचलं नाही मला, अख्खं ऑफिस येता-जाता बघतं तिथे कोणती बाई असला नंबर फाडून घेईल!

लावला दाराला आतून. पहिल्या आठवड्यात तीन पट्ट्या गेल्या. कुणी नेल्या माहीत नाही, आणि मी बघतही नाही कोण आत जातंय ते, नजर फिरवते. पण जेवताना समोर बसलेल्या बायका हसत असल्या की मनात येतं.

आता नोव्हेंबर लागलाय, साहेब म्हणाले गुलाबी काढ. काढलं. मधुमेह, फुप्फुसाचा कॅन्सर, अल्झायमर, आदिवासी वारसा, सगळे लायनीत उभे आहेत, आणि आमच्याकडचे दोन पोरगे मिशा वाढवतायत, पुरुषांच्या आरोग्यासाठी, 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सुरू झालेलं ते खूळ, त्यातल्या एकाची मिशी उगवतच नाहीये बिचाऱ्याची. बाथरूमच्या दारावरचा कागद मात्र मी काढला नाही. महिना संपला ना, म्हणून एकीने विचारलं. म्हटलं, अगं हो की, विसरलेच.

आणि ताई, तू मॅमोग्राफी पुढच्या महिन्यात करते पुढच्या महिन्यात करते असं तीनदा म्हणालीयेस, मी मोजतीये. डॉक्टरांना विचारून तारीख घे आणि मला फक्त तारीख पाठव, फुलं आणि हात जोडलेली चित्रं नकोत.

भाऊजींना नमस्कार, आईला सांग रविवारी फोन करते.

तुझी धाकटी