बूमच्या पोटातला गुंता सोडवणाऱ्या काकांना

नागपूर

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, ऐन नवतपात, आपण आमच्या शिडाच्या बोटीच्या बूमसाठी सलग चार सकाळी खर्च केल्या आणि मोबदल्याचा विषयही काढू दिला नाहीत. त्या उपकाराची नोंद चारचौघांत व्हावी आणि जुनी बोट सांभाळणाऱ्या आणखी कोणाला आपली कामाची रीत कळावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

बूम म्हणजे डोलकाठीला काटकोनात जोडलेली, शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी नळी. आमची बूम सुमारे तीन मीटर लांबीची, अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिच्या पोटातून दोन दोर जातात: शिडाचा मागचा कोपरा मागे ओढणारा आउटहॉल आणि वारा वाढला की शीड आखूड करणारी रीफ लाइन. यांपैकी आउटहॉल आतल्या आत तुटला, तेव्हा मी इतवारीतून नायलॉनचा दोर आणून ओवला. नायलॉन ताणाखाली लांबतो, त्यामुळे वाऱ्याचा झोत आला की शिडाला पोट सुटायचे. म्हणजे शीड सपाट हवे नेमके तेव्हाच ते फुगायचे. काही महिन्यांत तोही त्याच जागी तुटला आणि खिंडसी तलावावरून बूम गाडीच्या टपावर बांधून मी आपल्या दारात आलो.

आपण आयुष्यात शिडाची बोट चालवलेली नाही, हे मला ठाऊक होते. परंतु वायुसेनेत विमानांच्या सांगाड्यावर आपण तीस वर्षे काम केले आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमची नळी, रिव्हेट, कप्पीवरून वळणारी तार या गोष्टी आपल्या हातांच्या ओळखीच्या होत्या. मी सोबत नवा दोर घेऊन आलो होतो. आपण तो बाजूला ठेवलात, तुटलेले टोक बोटांत फिरवून पाहिलेत आणि म्हणालात, "हा झिजला नाही, कापला गेला आहे. कशाने, ते सापडल्याशिवाय नवा घालायचा नाही." या एका वाक्यासाठी मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे, कारण ते ऐकले नसते तर मी तिसरा दोरही तसाच गमावला असता.

दोन्ही टोकांच्या टोप्यांचे रिव्हेट ड्रिलने काढून बूम उभी केली, तेव्हा आतून रिव्हेटांच्या तुटक्या दांड्या खळखळत बाहेर पडल्या; पूर्वीच्या कोणत्या तरी दुरुस्तीत त्या आतच राहिल्या होत्या. एका रिव्हेटची धारदार शेपटीही आत डोकावत होती आणि दोर तिच्यावरच घासत होता. याहून मोठा दोष मांडणीत होता. पुढच्या टोकाला आउटहॉल डावीकडे आणि रीफ लाइन उजवीकडे, तर मागच्या टोकाला क्रम नेमका उलटा. त्यामुळे दोन्ही दोर मध्यावर एकमेकांना ओलांडत होते आणि एक ओढला की दुसराही ओढला जाई. मागच्या टोपीत तीन चाके आहेत. शिडाचा कोपरा बूमच्या मध्यरेषेवर सरकतो, तेव्हा त्याचा दोरही मधल्या चाकावरून यावा आणि रीफच्या दोरांना कडेची चाके द्यावीत, हे आपण कागदावर रेघा मारून सांगितलेत. मला ते इतकी वर्षे दिसले नव्हते.

नवे दोर ओवण्याची आपली युक्ती मी अनेकांना सांगितली आहे. वायरमनची पोलादी पट्टी आडव्या बूममध्ये सरकवली की ती वाटेत दुसऱ्या दोराला वळसा घालते. आपण बूम जिन्याच्या कठड्याला उभी बांधलीत आणि वरून गवंड्याचा ओळंबा सोडलात. तो सरळ खाली आला, वाटेत कशालाही न गुंतता. ओळंब्याच्या सुतळीला नवा दोर गाठ न मारता टोकाला टोक लावून, मेणाच्या दोऱ्याने शिवून जोडला, कारण गाठ चाकावर अडकते. शिडाच्या कोपऱ्यापासून आतल्या कप्पीपर्यंत जवळजवळ न लांबणारा चार मिलिमीटरचा डायनीमा (एका मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) घेतला, आणि हातात धरायच्या भागाला सहा मिलिमीटरचा पॉलिएस्टर, कारण डायनीमा गुळगुळीत असल्याने पकडीतून सटकतो. चारपट बळ देणाऱ्या कप्प्यांमुळे चाळीस सेंटिमीटर दोर ओढावा तेव्हा शीड दहा सेंटिमीटर ताणले जाते. म्हणून दोर पूर्ण सैल सोडला असता आतली कप्पी मागच्या चाकावर आदळणार नाही ना, हे आपण टोपी बसवण्यापूर्वी तीनदा तपासलेत.

स्टीलच्या पट्टीखाली साचलेली पांढरी भुकटी पाहून आपण हळहळलात, हेही मला आठवते. ही बोट पूर्वी समुद्रावर होती. खारे पाणी लागले की स्टीलच्या सोबतीने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. जागा घासून, धुऊन, पिवळा बेरियम क्रोमेटचा लेप लावूनच आपण पट्टी परत बसवलीत. प्रत्येक रिव्हेटची तुटलेली दांडी वाटीत टाकून मोजलीत आणि आकडा जुळेपर्यंत टोपी बंद केली नाहीत. साडेआठ वाजले की अ‍ॅल्युमिनियमला हात लावणे अशक्य होई. तेव्हा काकूंनी दिलेल्या पन्ह्यासाठी त्यांचेही मनापासून आभार.

पावसाळ्यानंतर बोट पुन्हा पाण्यात उतरली आहे. आउटहॉल आता माझी मुलगी एका हाताने ओढते आणि रीफ लाइन जागची हलत नाही. दुसऱ्या रीफसाठी, म्हणजे शीड आणखी आखूड करण्यासाठी, आपण तिसऱ्या चाकावरून सोडून ठेवलेली सुतळी अजून तशीच आहे आणि पुढच्या छिद्राची आपली पेन्सिलची खूणही पुसलेली नाही. ते छिद्र मी आपल्याशिवाय पाडणार नाही. दिवाळीनंतरच्या कोणत्याही रविवारी सवड काढावी, मी गाडी घेऊन येईन.

आपला नम्र,
खिंडसीवरच्या बोटीचा मालक